जुन्या चित्रफितींतून देशाचा इतिहास मांडताना

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. दांडीच्या वाटेवर कॅमेरे होते. त्यामुळे लगबगीने चालणारे गांधीजी स्वातंत्र्यलढ्यावरील जवळपास प्रत्येक माहितीपटात दिसतात. काळाराम सत्याग्रहाचा उल्लेख आला की मात्र पडद्यावर बहुधा स्थिर छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे किंवा मंदिराचा आजचा दरवाजा येतो. चित्रफितींवरून इतिहास सांगू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावे की फितीवर देशाचा इतिहास नसतो, तर त्या इतिहासातला कॅमेऱ्यासमोर आलेला भाग असतो. पुढील मार्गदर्शन नाशिकमधील शिक्षक, माध्यम अभ्यासक्रमांचे विद्यार्थी, वाचनालये आणि हौशी माहितीपटकार यांच्यासाठी असून, पंचवीस-तीस मिनिटांचा, जुन्या चित्रणावर आधारलेला माहितीपट करण्याचे त्यांनी मनावर घेतले आहे असे गृहीत धरलेले आहे.

प्रथम विषयाऐवजी प्रश्न ठरवावा. ‘स्वतंत्र भारताची वाटचाल’ हा विषय घेतला तर हाती येईल ते सगळेच उपयोगाचे वाटू लागते आणि शेवटी ध्वजवंदन, धरण, रणगाडा, उपग्रह अशी ठरावीक माळ तयार होते. त्याऐवजी ‘लाखोंची गर्दी हाताळायला स्वतंत्र भारताचे शासन कसे शिकत गेले?’ हा प्रश्न घ्यावा आणि त्याचे उत्तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात शोधावे. १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३ आणि २०१५ या सिंहस्थांची जी काही चित्रणे मिळतील, त्यांत लसीकरणाच्या रांगा, बांबूचे कठडे, ध्वनिक्षेपक, पोलिसांचे मनोरे, पुढे सीसीटीव्हीचे खांब, या गोष्टी क्रमाने पाहता येतात. एकाच जागेवर बारा-बारा वर्षांनी परत आलेला कॅमेरा देशातला बदल जितका स्पष्ट दाखवतो, तितका तो दहा राज्यांतून गोळा केलेल्या तुकड्यांत दिसत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न ठरल्यावर शोधाला लागण्यापूर्वी, कोणत्या काळात कोण चित्रण करत होते याची ढोबळ माहिती करून घ्यावी, कारण काय मिळू शकेल आणि काय मिळणार नाही हे त्यावरून कळते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईतल्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये केंब्रिजमध्ये गणितात चमकलेले रँग्लर परांजपे मायदेशी परतले तो प्रसंगही टिपला. १९११ च्या दिल्ली दरबाराचे चित्रण रंगीत तंत्राने झाले, पण ते राजाच्या कौतुकासाठी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही सरकारची अधिकृत यंत्रणा होती. ती प्रचाराची म्हणून लोकांना नकोशी झाली आणि १९४६ मध्ये गुंडाळली गेली. परिणामी १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा तो सोहळा टिपायला भारत सरकारजवळ स्वतःचे चित्रपट पथकच नव्हते. त्या दिवसाचे आज जे पाहायला मिळते ते खासगी छायाचित्रकारांनी आणि परदेशी वार्तापट कंपन्यांनी टिपलेले आहे. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. त्यानंतर मात्र मुख्य चित्रपटाआधी त्यांचा वार्तापट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले आणि काही दशके देशाची दृश्य स्मृती प्रामुख्याने सरकारी दप्तरात जमा होत गेली. दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला.

या इतिहासाचा उपयोग असा की प्रत्येक तुकडा हाती आल्यावर तो कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाला दाखवण्यासाठी टिपला हे विचारता येते. परदेशी कंपनीच्या वार्तापटात नाशिकचा घाट आला असेल तर तिला विलायतेतल्या प्रेक्षकांसाठी जटाधारी साधू हवे असणार; फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटात तोच घाट आला असेल तर मंत्रिमहोदयांची पाहणी आणि आरोग्यपथक हवे असणार. दोन्ही चित्रणे खरी असतात आणि दोन्ही अपुरी असतात. शक्य असेल तेव्हा एकाच प्रसंगाची अशी दोन चित्रणे शेजारी ठेवावीत आणि कोणते कुणाचे हे प्रेक्षकाला सांगावे. निवेदनातल्या दहा वाक्यांचे काम त्याने होते.

आता शोधाकडे वळू. नाशिककरांच्या सुदैवाने दोन मोठे साठे एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले; मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह आहे. या दोन्ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आल्या आहेत, त्यामुळे पत्रव्यवहार करताना जुन्या नावांवर विसंबू नये. पत्रात संस्थेचे नाव, माहितीपटाचा हेतू, हवे असलेले वर्ष व प्रसंग आणि दाखवण्याचे ठिकाण स्पष्ट लिहावे. ‘नाशिकविषयी काही असल्यास कळवावे’ अशा मोघम पत्राला मोघमच उत्तर येते. परदेशी साठ्यांपैकी ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये सुमारे ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर खुल्या केल्या, आणि केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अध्ययन केंद्राकडे भारतात राहिलेल्या इंग्रज कुटुंबांच्या घरगुती चित्रफिती आहेत. या घरगुती फिती वार्तापटांपेक्षा अधिक बोलक्या असतात. साहेबाच्या मुलाचा वाढदिवस टिपताना मागे उभी असलेली आया, माळी आणि पंखेवाला त्यात आपोआप आलेले असतात.

शोधताना जुनी नावे वापरावीत. इंग्रजी नोंदींत नाशिक बहुधा ‘नासिक’ असते, मुंबई ‘बॉम्बे’ आणि पुणे ‘पूना’. देवळालीची छावणी असल्यामुळे लष्करी चित्रणे ‘देवळाली’ या नावाखाली सापडू शकतात, नाशिकच्या नावाखाली नव्हे. गोदावरीचेही इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारांनी येते. पुष्कळदा तर नोंद करणाऱ्याला गावाचे नावच ठाऊक नसते आणि गोदावरीवरचे आपले रामकुंड ‘हिंदूंचा स्नानोत्सव’ एवढ्याच शीर्षकाखाली पडून राहते. म्हणून गावाच्या नावाने काही न मिळाल्यास प्रसंग, नदी, पाहुणा आणि महिना या चारही दारांनी आत शिरून पाहावे. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नाशिकला झाले; त्याचे चित्रण शोधायचे तर अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन किंवा पंडित नेहरू यांच्या नावाखाली शोधणे अधिक फलदायी ठरते.

जुन्या वाड्यांतील माळ्यांवर, फोटो स्टुडिओंच्या कपाटांत आणि लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे जे असते, त्याची किंमत सहसा मालकालाच कळलेली नसते. डबा हातात आला की तो ताबडतोब प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. आकसलेली फीत प्रोजेक्टरच्या दातांत फाटते आणि फाटलेला भाग परत येत नाही. डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर फितीचा ॲसिटेट पाया कुजू लागला आहे असे समजावे, तो डबा इतरांपासून वेगळा ठेवावा आणि तिचे डिजिटायझेशन आधी उरकावे. ३५ मिलिमीटरची, १९५१ च्या आधीची फीत असेल तर ती नायट्रेट, म्हणजे झटकन पेटणाऱ्या जुन्या पायाची, असण्याची शक्यता असते. नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवत जळते, म्हणून पाण्यानेही विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह अनेक मूळ फिती नष्ट झाल्या. अशी फीत घरात ठेवू नये आणि कुरिअरने तर मुळीच पाठवू नये. संग्रहालयाला कळवून त्यांच्या सल्ल्याने हलवावी. १६ आणि ८ मिलिमीटरच्या फिती सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या पायावर, असतात, त्यामुळे तेथे हे भय नाही.

यानंतरची पायरी ओळख पटवण्याची, आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, मग ती चिठ्ठी कितीही मोठ्या संस्थेची असो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशिकमध्ये त्यांनी चित्रपट केले आणि येथेच १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यामुळे उदाहरण त्यांचेच घेऊ. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे म्हणून जे तुकडे आपण पाहतो, ते मूळ चित्रपटाचे नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये केलेल्या नव्या आवृत्तीचे असावेत असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभबिंदूविषयी अशी शंका राहू शकत असेल, तर ‘नासिक, १९५६’ असे पेन्सिलीने लिहिलेल्या डब्याचे काय घेऊन बसलात!

प्रत्यक्ष तपासणी कशी करावी ते एका दृश्यावरून पाहू. समजा, नऊ सेकंदांचे कृष्णधवल दृश्य आहे. रामकुंडावर गर्दी आहे, मागे नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे आणि डाव्या कोपऱ्यात दुकानाची पाटी अर्धवट दिसते. दृश्य पूर्ण वेगाने पाहिल्यावर एकेक चौकट थांबवून पाहावी. पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आहे यावरून पावसाळा की उन्हाळा याचा अंदाज येतो. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या श्रावण-भाद्रपदातल्या, म्हणून मारुतीच्या पायाशी कोरडी फरशी आणि लोकांच्या हातांत एकही छत्री नसेल तर सिंहस्थाचा दावा तपासायला हवा. पाटीवर भाव ‘न. पै.’ म्हणजे नव्या पैशांत लिहिलेला असेल तर दृश्य १९५७ नंतरचे. आणि ‘नवा’ हा शब्द १९६४ मध्ये गळाला, त्यामुळे ते त्यापूर्वीचे असण्याचा संभव अधिक. पाटीवर ‘मुंबई राज्य’ असेल तर सहसा १ मे १९६० च्या आधीचे. मोटारीच्या पाटीवर ‘एमएच १५’ दिसले तर ते १९८९ नंतरचे, मग चित्र कितीही जुनाट दिसो. भिंतीवर चित्रपटाचे पोस्टर सापडले तर देव पावला, कारण पोस्टर महिना-दोन महिन्यांहून अधिक टिकत नाही. मूळ फीत हाताशी असेल तर तिच्या कडेवरील कोडॅकची चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशी चिन्हेही पाहावीत. त्यांवरून कच्च्या फितीच्या निर्मितीचे वर्ष मिळते. मात्र ही चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा तीच येतात आणि फीत तयार झाल्यानंतर वर्ष-दोन वर्षांनीही वापरली जाते, एवढे भान ठेवावे. शेवटी नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालया’सारख्या जुन्या वाचनालयात बसून त्या काळातील वर्तमानपत्रे चाळावीत आणि तर्काला छापील आधार मिळतो का ते पाहावे.

हे सगळे एका नोंदवहीत किंवा संगणकावरील तक्त्यात उतरवत जावे. प्रत्येक दृश्याला क्रमांक, टाइमकोड (फितीत ते कितव्या मिनिट-सेकंदाला येते), ठिकाण, वर्ष, चित्रण कोणाचे, हक्क कोणाचा आणि ओळख कशावरून पटली, एवढे रकाने पुरेत. वर्षाच्या रकान्यात ‘निश्चित’, ‘बहुधा’ आणि ‘अज्ञात’ असा भेद ठेवावा आणि संकलनाच्या घाईत ‘बहुधा’चे ‘निश्चित’ होऊ देऊ नये.

वेगाचा आणि चौकटीचा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तो इतिहासाचाच आहे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी टिपत. ती फीत २४ च्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु धावतात आणि आपले पूर्वज विनोदी दिसू लागतात. ३५ मिलिमीटरची हजार फूट फीत सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने १६ मिनिटे ४० सेकंद चालते, २४ च्या वेगाने जेमतेम ११ मिनिटे. चालणारी माणसे, घोड्यांच्या टापा आणि पाण्याचा ओघ पाहून योग्य वेग ठरवावा. जुनी चौकट ४:३ प्रमाणाची असते. आजच्या रुंद पडद्यावर ती भरावी म्हणून वरखाली कापली की पगड्या आणि पाय जातात, म्हणून दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडावी. कृष्णधवल चित्रण संगणकाकडून रंगवून घेऊ नये. साडीचा रंग, झेंड्याचा रंग आणि फेट्याचा रंग या अटकळी असतात आणि आपल्याकडे रंगांना फार अर्थ असतात. नव्या चित्रणावर खोट्या रेघोट्या आणि तपकिरी छटा चढवून ते जुने भासवणे ही तर सरळ बनावटगिरी होय.

आवाजाबाबत बहुतेक माहितीपट गाफील असतात. जुन्या वार्तापटांचे चित्रण पुष्कळदा मूक असे आणि निवेदन, टाळ्या, घोषणा नंतर स्टुडिओत चढवल्या जात. आपणही त्यावर आणखी लाठीमाराचे आवाज आणि घोषणा चढवल्या तर प्रेक्षक ते प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण समजतो. मूक दृश्य मूकच ठेवण्याचे धैर्य दाखवावे. सभागृहातील शांततेला लोक कंटाळतात हा गैरसमज आहे. मूळ निवेदन उपलब्ध असेल तर त्यातला अर्धा-पाऊण मिनिट तसाच ऐकवावा. नव्या धरणाविषयी बोलताना फिल्म्स डिव्हिजनच्या निवेदकाच्या स्वरात जो विश्वास होता, तो स्वरही त्या काळाचा दस्तऐवजच असतो. सतार आणि बासरीची उदास धून प्रत्येक जुन्या दृश्याखाली पसरू नये, एवढी कळकळीची विनंती.

हक्कांचे काम थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क, तो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वार्तापटाचा हक्क २०२० अखेर संपला. त्यातील संगीताचा हक्क मात्र वेगळा असू शकतो आणि हक्क संपला तरी चांगली प्रत देणारी संस्था शुल्क आकारू शकते. परदेशी संस्था सेकंद किंवा मिनिटांच्या हिशेबाने पैसे घेतात आणि वर्गात दाखवणे, महोत्सवात दाखवणे व इंटरनेटवर टाकणे यांचे दर वेगळे असतात; म्हणून आधी पाहण्यापुरती, छाप असलेली प्रत मागवून संकलन पूर्ण करावे आणि मग लागतील तेवढ्याच सेकंदांचे पैसे भरावेत. यूट्यूबवर दिसते म्हणून ते फुकट असते असे नाही. घरगुती फितीसाठी कुटुंबाकडून लेखी परवानगी घ्यावी.

आता ज्याचे चित्रण हाती नाही त्याचे काय करावे? येथेच माहितीपटकाराची परीक्षा होते. काळाराम सत्याग्रहाचा प्रसंग सांगताना दांडीची किंवा मुंबईतली गर्दी दाखवून वेळ मारून नेणे सोपे आहे, कारण वर्ष तेच, टोप्या त्याच. पण तसे करणे म्हणजे ज्यांना मंदिराबाहेर ठेवले होते त्यांना त्यांच्या स्वतःच्या इतिहासातूनही बाहेर ठेवणे होय. त्याऐवजी पडदा काही सेकंद काळा ठेवून, या प्रसंगाचे चलच्चित्र आम्हाला मिळाले नाही असे साध्या अक्षरांत सांगावे आणि मग दुसरी साधने आणावीत. डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रहातील आपले नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेली पत्रे प्रकाशित झालेली आहेत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात त्या काळातील सरकारी दफ्तरे आहेत. आणि मंदिराचे चारही दरवाजे आजही जागेवर आहेत. पत्रातील ओळ वाचली जात असताना बंद दरवाजाचे आजचे दृश्य, त्यावर आजची तारीख स्पष्ट लिहून, दाखवता येते. १३ ऑक्टोबर १९३५ च्या, डॉ. आंबेडकरांच्या येवल्यातील धर्मांतराच्या घोषणेबाबतही हीच रीत पाळावी. नाट्यरूपांतर करायचेच असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात तसे सतत लिहिलेले असावे. संगणकाने बनवलेले ‘जुने’ दृश्य मात्र कोणत्याही सबबीखाली वापरू नये. एकदा असा एक तुकडा शिरला की उरलेल्या अस्सल तुकड्यांवरचाही विश्वास उडतो.

जेथे चित्रण भरपूर आहे तेथेही हात आखडावा लागतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मरण पावले. गर्दी हाताळण्याच्या इतिहासात हा प्रसंग वगळता येणार नाही. परंतु मृतांचे चेहरे दाखवण्याची गरज नाही, त्यांचे नातेवाईक आजही आहेत. अरुंद उताराचा रस्ता, तुटलेले कठडे आणि चपलांचा ढीग यांवरून जे घडले ते पुरेसे कळते, आणि त्यानंतर २०१५ मध्ये रस्त्यांची आणि घाटांची आखणी कशी बदलली हे दाखवले तर माहितीपटाच्या प्रश्नालाही उत्तर मिळते.

संकलनासाठी दोन पूर्वसुरींची रीत डोळ्यांसमोर ठेवावी. रशियात एस्फिर शुबने १९२७ मध्ये झारच्या राजवटीतील वार्तापट आणि राजघराण्याची खासगी चित्रणे जुळवून, नवे काही न टिपता, त्या राजवटीच्या पतनाची कहाणी उभी केली; राजाच्या कौतुकासाठी टिपलेली दृश्ये तिने शेतकऱ्यांच्या दृश्यांशेजारी ठेवताच त्यांचा अर्थ पालटला. आपल्याकडे ए. के. चेट्टियार यांनी देशोदेशी फिरून गांधीजींची सुमारे ५०,००० फूट चित्रणे मिळवली आणि १९४० मध्ये त्यांतून सुमारे १२,००० फुटांचा माहितीपट केला. म्हणजे मिळालेल्या चार फुटांतले तीन त्यांनी बाजूला ठेवले. आपणही तेच करावे आणि निवडलेले दृश्य मात्र पुरते दाखवावे. गर्दीच्या दृश्यात प्रेक्षकाची नजर एका चेहऱ्यावर स्थिरावायला पाच-सहा सेकंद लागतात. त्याआधी कापले तर गर्दी दिसते आणि माणूस दिसत नाही. ठिकाण, वर्ष आणि चित्रण कोणाचे, ही ओळ दृश्यासोबतच खाली द्यावी; शेवटच्या श्रेयनामावलीत कोंबलेली माहिती कोणी वाचत नाही.

कच्चे संकलन झाले की ते अंतिम करण्यापूर्वी पंचवटी, जुने नाशिक किंवा नाशिकरोड येथील ज्येष्ठ मंडळींना एकत्र बोलावून दाखवावे, आवाज बंद ठेवून, आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. एखादे आजोबा पडद्याकडे बोट दाखवून ‘अहो, ही तर आमच्या आळीतली सावकारांची ओसरी’ म्हणतात आणि तक्त्यातले ‘अज्ञात’ निघते. कधी दोघांचा वाद होतो, तेव्हा दोन्ही मते नोंदवावीत. सार्वजनिक प्रदर्शन करायचे असल्यास चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी पुरेसा अवधी हाताशी ठेवावा. माहितीपटाबरोबर दृश्यांचा तो तक्ता, परवानग्यांच्या प्रती आणि ज्येष्ठांचे ध्वनिमुद्रण यांचा एक संच स्थानिक वाचनालयात आणि एक पुण्याच्या संग्रहालयात द्यावा. २०२७ च्या सिंहस्थाचे चित्रण करणाऱ्यांनी तर आपल्या फायलींना तारीख, वेळ आणि घाटाचे नाव आजपासूनच लिहून ठेवायला लागावे.